वीजनिर्मिती, भोर–वेल्हे परिसरातील

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे (राजगड) हे तालुके आणि त्यांना उत्तरेकडून लागून असलेले मुळशी खोरे यांत प्रथम पाण्यापासून व अलीकडे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा इतिहास. पुणे–सातारा महामार्गावरील किकवी (ता. भोर) हे गाव या परिसराच्या पूर्व कडेला आहे. त्याच्या दक्षिणेस नीरा नदी वाहते व पश्चिमेस राजगड–तोरण्याची डोंगररांग चढत जाऊन सह्याद्रीच्या मुख्य धारेस मिळते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात मुसळधार पाऊस कोसळतो. किकवीच्या बाजूस येईपर्यंत त्याचा अल्पसा अंश उरतो. पाऊस एकीकडे पडावा, पाणी दुसरीकडे साठावे आणि त्यापासून निघणारी वीज तिसरीकडे खर्ची पडावी, अशी या प्रदेशाची रचना आहे. येथील वीजनिर्मितीचा इतिहास बव्हंशी या रचनेतून घडलेला आहे.

नूतनीकरणक्षम ऊर्जेकडे होणारे संक्रमण ही एकविसाव्या शतकातील नवी घटना आहे, असे सामान्यतः मानले जाते. महाराष्ट्रापुरते तरी हे अर्धसत्य आहे. येथील मोठ्या प्रमाणावरील वीजनिर्मितीचा आरंभच पाण्यापासून झाला. कोळसा नंतर आला व मागणी वाढत गेली तसा तो प्रमुख झाला. आता सूर्य व वारा यांच्या साहाय्याने कोळशाचा वाटा कमी करण्याचा प्रयत्न होत असताना पाण्याची पुन्हा आठवण झाली आहे. मात्र त्याच्याकडून जे काम अपेक्षित आहे, ते पूर्वीचे नव्हे.

पाण्यापासून मिळणारी वीज दोन गोष्टींवर अवलंबून असते : पाण्याचे आकारमान आणि ते किती उंचीवरून पडते ती उंची, म्हणजे पातळीफरक. एक घनमीटर पाणी ५०० मी. खाली पडले, तर यंत्रांतील घट वजा जाता सु. सव्वा युनिट वीज मिळते. तेच पाणी ४० मी. खाली आले, तर जेमतेम एक दशांश युनिट मिळते. सह्याद्रीचा पश्चिमेकडील कडा एकदम कोकणात उतरतो, तर पूर्वेकडील उतार मंद आहे. भोर, वेल्हे व मुळशी येथील नद्या पूर्ववाहिनी असून त्यांचे पाणी अखेर भीमेस मिळते. यामुळे या पाण्याचे दोन उपयोग संभवतात. धरण बांधून पाणी पूर्वेकडेच सोडले, तर शेती भिजते, पण वीज थोडी मिळते. बोगद्यातून व पोलादी नळांतून ते पश्चिमेकडे वळविले, तर वीज भरपूर मिळते, पण पाणी भीमेच्या खोऱ्यास कायमचे मुकते. मुळशीने दुसरा मार्ग पाहिला, भोर–वेल्ह्याने पहिला.

दुसरा मार्ग मुंबईच्या गरजेतून निघाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या कापड गिरण्या वाफेच्या एंजिनांवर चालत. त्यांना लागणारा कोळसा दूरच्या बंगालच्या खाणींतून किंवा समुद्रमार्गे परदेशातून येई. तो महाग पडे व शहरावर धुराचे छत्र धरी. जलविद्युत् तोवर सिद्ध झालेली होती. अमेरिकेतील ॲपल्टन येथे १८८२ मध्ये पहिले लहान जलविद्युत् केंद्र चालू झाले होते. भारतात दार्जिलिंगजवळ १८९७ मध्ये व म्हैसूर संस्थानात शिवसमुद्रम् येथे १९०२ मध्ये पाण्यापासून वीज मिळू लागली होती. घाटमाथ्यावर पाणी अडवून ते पश्चिमेस सोडण्याची कल्पना डेव्हिड गॉसलिंग या अभियंत्याने जमशेटजी टाटा यांच्यापुढे मांडली. जमशेटजींच्या निधनानंतर (१९०४) दोराबजी टाटा यांनी ती तडीस नेली. १९१० मध्ये कंपनी स्थापन झाली आणि लोणावळ्याच्या परिसरातील तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे केंद्र फेब्रुवारी १९१५ मध्ये सुरू झाले. त्यानंतर १९२२ मध्ये भिवपुरीचे व १९२७ मध्ये भिरा येथील केंद्र कार्यान्वित झाले. गिरण्यांच्या पाठोपाठ रेल्वेही विजेची गिऱ्हाईक बनली. मुंबईतील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी धावली व १९३० पर्यंत पुण्यापर्यंतचा लोहमार्ग विद्युतीकृत झाला. कोळशाकडून नूतनीकरणक्षम स्रोताकडे झालेले हे महाराष्ट्रातील पहिले संक्रमण होय. त्यामागे हवामानाची चिंता नव्हती. हिशेब दराचा व खात्रीच्या पुरवठ्याचा होता.

भिरा केंद्रासाठी मुळा व निळा या नद्यांच्या संगमानजीक मुळशी येथे धरण बांधण्यात आले. त्यात मुळशी पेट्यातील पन्नासहून अधिक गावांच्या जमिनी जाणार होत्या. ही जमीन उत्तम भाताची होती. संपादनास विरोध करण्यासाठी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पां. म. बापट हे त्याचे पुढारी होते. बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी या लढ्यातूनच मिळाली. ‘जान किंवा जमीन’ ही मावळ्यांची घोषणा होती. सत्याग्रह सु. तीन वर्षे चालला व क्षीण होत थांबला. अखेरच्या टप्प्यात बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली व ते १९३१ मध्ये सुटले.

या लढ्याचे नेहमी सांगितले जाणारे कारण भांडवलदार विरुद्ध शेतकरी असे आहे. ते खरे असले, तरी अपुरे आहे. पेट्यातील पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या व कसणारे मावळे त्यांचे कूळ बनले होते. मोबदला कागदोपत्री मालकास मिळतो. कुळास तो मिळेलच असे नसते. त्यामुळे मोबदल्याचा प्रश्न पुढे येताच विरोधकांत फूट पडणे अपरिहार्य होते. राजेंद्र व्होरा यांनी या सत्याग्रहाच्या अभ्यासात ही अंतर्गत विसंगती उलगडून दाखविली आहे. मोठ्या ऊर्जाप्रकल्पांसाठी भूसंपादन करताना जमीन कोणाच्या नावावर आहे आणि ती कोणाच्या पोटाची आहे, हे दोन वेगळे प्रश्न असतात. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर दप्तरात सापडते म्हणून दुसरा बहुधा विचारला जात नाही. मुळशीची वीज मुंबईस गेली. जलाशयाच्या काठी वर सरकलेल्या वस्त्या मात्र पुढे कित्येक दशके अंधारात राहिल्या.

भोर तालुक्यातील भाटघरची हकीकत निराळी आहे. वेळवंडी नदीवर भाटघर येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पहिले धरण बांधण्यात आले. त्याच्या जलाशयास व्हाइटिंग तलाव हे नाव होते व त्याचे पाणी नीरा डाव्या कालव्यास (१८८५) मिळे. अवर्षणप्रवण पूर्व भागास दुष्काळापासून संरक्षण देणे हा त्याचा हेतू होता. ते अपुरे पडू लागल्यावर त्याच नदीवर अधिक उंचीचे दगडी धरण उभारण्यात आले. १९२७-२८ च्या सुमारास पूर्ण झालेल्या या धरणास मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांचे नाव देण्यात आले. त्याची साठवणक्षमता सु. साडेतेवीस अब्ज घनफूट, म्हणजे सु. ६६ कोटी घ.मी. आहे. बारामती, इंदापूर, फलटण व माळशिरस या भागांतील उसाची शेती आणि साखर कारखाने यांची वाढ नीरेच्या दोन्ही कालव्यांमुळे झाली. वेळवंडीच्या खोऱ्यातील जमिनी मात्र पाण्याखाली गेल्या. उन्हाळ्यात जलाशय ओसरला, की कांबरे येथील जुने शिवालय काही आठवडे पाण्याबाहेर येते. किकवी परिसरातील शेतकऱ्यास हे धरण जवळचे असले, तरी त्याचे पाणी नदीपात्रातून पुढे जाते व मुख्यतः खालच्या तालुक्यांच्या शेतांत पोहोचते.

लॉइड धरण बांधताना त्याच्याकडून विजेची अपेक्षा नव्हती. पायथ्याशी वीजगृह होण्यास सु. अर्धे शतक जावे लागले; १९७७ मध्ये तेथे १६ मेगावॉट (मेवॉ.) क्षमतेचे एकच जनित्र सुरू झाले. त्यापूर्वी दोन वर्षे नीरेवरील वीर धरणाच्या पायथ्याशी ९ मेवॉ.चे वीजगृह चालू झाले होते. भाटघरचा पूर्ण साठा सरासरी ४० मी. पातळीफरकाने टरबाइनांतून गेला असे धरले, तर ठोकळ हिशेबाने वर्षास साडेसहा कोटी युनिटांच्या आसपास वीज मिळेल. तेच पाणी कोकणात सोडले असते, तर त्याच्या बारापट वीज मिळाली असती आणि नीरेचे कालवे कोरडे पडले असते. भाटघरची वीज ही सिंचनाच्या पाण्याची पडउत्पत्ती आहे. कालव्याचे आवर्तन सुरू असेल, तेव्हा जनित्र फिरते. ते बंद झाले की थांबते. विजेच्या मागणीचा त्यात विचार नसतो.

वेल्हे तालुक्यातील दोन धरणांचेही असेच आहे. आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले व पुण्यात हाहाकार उडाला. ते पुन्हा बांधण्यात आले. मोसी नदीवर वरसगावचे धरण झाले. दोन्ही जलाशयांचे पाणी प्राधान्याने पुणे शहरास व खडकवासल्याच्या कालव्यास जाते. १९९० च्या दशकात दोन्ही ठिकाणी प्रत्येकी ८ मेवॉ.ची वीजगृहे जोडण्यात आली. भाटघर, वीर, पानशेत व वरसगाव मिळून क्षमता ४१ मेवॉ. होते. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रातील ५०० मेवॉ.चा एक संच यांच्या बारापट आहे.

महाराष्ट्र कोळशाकडे का वळला, याचे उत्तर या आकड्यांत आहे. रेल्वेने कल्याणजवळ चोळे येथे १९२९ मध्येच कोळशावरील वीजगृह उभारले होते व तुर्भे येथील औष्णिक केंद्र १९५६ मध्ये सुरू झाले. कोयनेच्या पहिल्या टप्प्याने १९६२-६३ मध्ये पाण्याची बाजू पुन्हा बळकट केली. चार टप्पे व पायथा वीजगृह मिळून कोयनेची क्षमता पुढे १,९६० मेवॉ. झाली. परंतु कृष्णेचे पाणी पश्चिमेस वळविण्यास मर्यादा होती. कृष्णा पाणीतंटा लवादाने (बच्छावत आयोग) कोयनेसाठी वर्षास ६७·५ अब्ज घनफूट ही कमाल मर्यादा ठरविली. तेवढ्या पाण्यातून मिळणारी वीज ठरलेली. जनित्रे वाढविली, तर तीच वीज थोड्या तासांत अधिक जोराने घेता येते एवढेच. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळास खेडोपाडी वीज न्यावयाची होती, कृषिपंपांना जोडण्या द्यावयाच्या होत्या आणि कारखान्यांची मागणी भागवावयाची होती. विदर्भातील कोळसा हाताशी होता. नासिक, कोराडी, भुसावळ, परळी व चंद्रपूर येथील केंद्रे या निकडीतून उभी राहिली. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण भोर–वेल्ह्याच्या वाड्यावस्त्यांत जो दिवा लागला, तो बहुतांशी कोळशावरच लागला, हे विसरता येत नाही.

तरीही मागणी पुरवठ्याच्या पुढेच राहिली. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात भारनियमन हा नित्याचा शब्द झाला. २००५ मध्ये मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण व वितरण यांच्या स्वतंत्र कंपन्या झाल्या. कृषिपंपांना त्रिकला वीज काही दिवस दिवसा व काही दिवस रात्री अशा पाळ्यांनी मिळे. रात्रीची पाळी आली की शेतकऱ्यास विंचूकाट्यातून व बिबट्याच्या भयात बॅटरी घेऊन विहिरीवर जावे लागे. रात्री इतर मागणी कमी असते व कोळशाची केंद्रे सहजासहजी बंद करता येत नाहीत. म्हणून उरलेली वीज शेतीकडे वळविली जाई. औष्णिक केंद्राच्या सोयीसाठी शेतकऱ्याने जागरण करावे, असा हा व्यवहार होता.

याच काळात जगाची विजेची भूक झपाट्याने वाढत होती. १९७३ मध्ये जगात सु. ६,१०० अब्ज युनिट वीज निर्माण होई; २०२३ मध्ये हा आकडा सु. २९,५०० अब्ज युनिटांवर गेला, म्हणजे अर्ध्या शतकात जवळजवळ पाचपट झाला. वातानुकूलन, विजेवर चालणारी वाहने व माहिती साठविणारी प्रचंड संगणककेंद्रे यांची मागणी त्यात नव्याने भर घालीत आहे. सौरपट्ट्यांच्या किंमती मात्र २०१० नंतरच्या दशकात सु. नऊ दशांशांनी उतरल्या. २०२४ मध्ये जगातील विजेचा जवळजवळ एकतृतीयांश भाग जल, वारा, सूर्य इ. नूतनीकरणक्षम स्रोतांपासून मिळाला. कोळशाचा वाटाही साधारण तेवढाच होता. भारतात ३० मे २०२४ रोजी मागणीने २,५०,००० मेवॉ.चा उच्चांक गाठला. २०२५ च्या मध्यास देशाच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता जीवाश्म इंधनांवाचून चालणारी झाली; परंतु प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा तेव्हाही सु. सात दशांश होता. स्थापित क्षमता व प्रत्यक्ष वीज यांतील ही तफावत ध्यानात न घेतल्याने पुष्कळ गैरसमज होतात. सौरपट्टी रात्री काम करीत नाही आणि वर्षाच्या सरासरीने आपल्या क्षमतेच्या एकपंचमांशाच्या आसपास वीज देते.

महाराष्ट्रात या नव्या स्रोतांपैकी वारा प्रथम आला. १९८० च्या दशकात देवगड येथे प्रायोगिक पवनचक्क्या उभ्या राहिल्या व पुढे सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, वनकुसवडे ही पठारे पवनचक्क्यांनी भरून गेली. पुणे जिल्ह्यात भीमाशंकरच्या परिसरात उभ्या राहिलेल्या पवनप्रकल्पासाठी डोंगरमाथ्यावर रस्ते फोडण्यात आले व वृक्षतोड झाली. पश्चिम घाट परिसंस्था तज्ञगटाच्या २०११ मधील अहवालात त्याची प्रतिकूल दखल आहे. नूतनीकरणक्षम म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हे त्यावरून दिसले.

सौरविजेचा प्रवेश शेतीच्या वाटेने झाला, ही महाराष्ट्राची विशेष बाब होय. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखण्यात आली व २०२३ मध्ये तिची विस्तृत आवृत्ती आली. ग्रामीण उपकेंद्राच्या आसपासच्या जमिनीवर काही मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारून त्याची वीज तेथूनच कृषिवाहिनीस द्यावी, असे तिचे स्वरूप आहे. जमीन भाडेपट्ट्याने घेतली जाते. २०२३ च्या आवृत्तीत वार्षिक भाडे हेक्टरी सव्वा लाख रुपये ठरविण्यात आले. वीज दूरवरून आणावी लागत नसल्याने वाहिन्यांतील गळती कमी होते आणि पंप दिवसा चालतात. मुळशीच्या योजनेत वीज शंभरएक किलोमीटर दूर जाई. येथे ती निघते त्याच शिवारात वापरली जाते. हा फरक तांत्रिक दिसला, तरी इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

भाटघरच्या साडेसहा कोटी युनिटांएवढी वीज वर्षभरात देण्यास सु. ४० मेवॉ.चा सौर प्रकल्प लागेल व त्यास सु. ८० हेक्टर जागा पुरेल. विजेपुरता विचार केला, तर सूर्य पाण्यापेक्षा पुष्कळ कमी जमीन मागतो. परंतु ती सपाट, सावलीरहित व उपकेंद्राजवळ हवी. भोर–वेल्ह्याच्या पश्चिमेस उतार, जंगल व भातखाचरांचे लहान तुकडे आहेत. तशी जागा किकवीच्या बाजूस, महामार्गालगत मिळू शकते. पण तेथे जमिनीच्या किंमती कारखाने व घरबांधणी यांमुळे आधीच चढलेल्या आहेत. साहजिकच सौर प्रकल्पांसाठी गायरानांकडे लक्ष जाते. गायरान दप्तरी शासनाचे असते. त्यावर गुरे चारणारे पशुपालक व भूमिहीन यांचे नाव कोठेच नसते. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या मावळी कुळाची १९२१ मध्ये जी स्थिती होती, तीहून ही फार निराळी नाही.

दुसरी अडचण वेळेची आहे. सौरवीज दुपारी भरास येते, तर घरोघरची मागणी सूर्यास्तानंतर उसळते. वीज स्वस्त असण्याची वेळ रात्रीवरून दुपारवर आली आहे. म्हणूनच २०२५ पासून राज्यात दिवसाच्या वापरास दरात सवलत देण्यात येऊ लागली. दुपारची वीज संध्याकाळपर्यंत राखून ठेवण्याचा एक जुना उपाय उदंचन हा आहे. दोन वेगवेगळ्या उंचीवरचे जलाशय जोडून जादा विजेने पाणी वर चढवावयाचे व गरजेच्या वेळी तेच खाली सोडावयाचे. यात चार युनिट खर्चून सु. तीन परत मिळतात, म्हणजे निर्मिती होत नाही, थोडी घटच येते. लाभ केवळ वेळेचा असतो. भिरा येथे १५० मेवॉ.चा असा संच १९९० च्या दशकात बसविण्यात आला व घाटघरचे २५० मेवॉ.चे केंद्र २००८ मध्ये सुरू झाले. २०२३ मध्ये राज्याने उदंचनासाठी स्वतंत्र धोरण आखले. त्याच वर्षी शिरवटा (१,८०० मेवॉ.) व भिवपुरी (१,००० मेवॉ.) येथील प्रकल्पांचा करार झाला; दोन्ही ठिकाणे शंभर वर्षांपूर्वीच्या योजनांचीच आहेत. विचाराधीन स्थळांत वेल्हे तालुक्यातील पानशेत व वरसगाव यांचीही नावे आहेत.

एकदा भरलेले पाणी वरखाली फिरत राहत असल्याने उदंचनास नदीचे पाणी फारसे लागत नाही, असे अभियंते सांगतात व ते बरोबर आहे. तथापि प्रथम भरण्यास व बाष्पीभवनाची तूट काढण्यास पाणी लागते. नवा जलाशय, बोगदे, रस्ते व पारेषण मनोरे यांना जागाही लागते. पानशेत–वरसगावच्या पाण्यावर पुणे शहराची तहान व खडकवासला कालव्याची आवर्तने आधीच अवलंबून आहेत. शिवाय पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप यादीत या दोन्ही तालुक्यांतील गावे आहेत. धरणांमुळे एकदा उठलेल्या येथील कुटुंबांचे पुनर्वसन पूर्वेकडील लाभक्षेत्रांत झाले. काही त्याच डोंगरांवर वर सरकून राहिली. नव्या योजनांसाठी मोजणी होईल, तेव्हा ती या वर सरकलेल्या वस्त्यांच्याच जमिनीत होणार आहे.